आवाज कुठे फाटतो?

दोघेही चिरनेरचे. एक हळदीत बेंजो वाजवता वाजवता गिटारकडे वळलेला तरुण वादक, दुसरे व्हॉल्वच्या, म्हणजे ट्यूबच्या, रेडिओपासून दुरुस्ती करत आलेले मेकॅनिक. माणसे कल्पित आहेत, वाद खरा आहे.

वादक : काका, माझं म्हणणं सरळ आहे. गिटारच्या ॲम्प्लिफायरमधली ट्यूब बदलली की आवाज बदलतो, आणि हा मनाचा खेळ नाही. ६एल६ ची जोडी असली की खर्ज भरीव, वरचे सूर लख्ख, आणि बरंच वर नेलं तरी आवाज फाटत नाही. ईएल३४ लावली की मधला भाग पुढे येतो, गुरगुर लवकर सुरू होते. ईएल८४ किणकिणते. ६व्ही६ लहानखुरी, गोड, थोड्याशा जोरातच फाटायला लागणारी. फेंडर म्हटलं की ६एल६, मार्शल म्हटलं की ईएल३४, व्हॉक्स म्हटलं की ईएल८४. जगभरचे वादक साठ वर्षं हेच सांगत आलेत. इतके कान एकाच वेळी चुकतील असं मला वाटत नाही.

मेकॅनिक : कान चुकले असं मीही म्हणत नाही. तू ऐकतोस ते आहेच, पण त्याचं श्रेय तू भलत्याला देतोस. तू ज्यांची नावं घेतलीस ते तीन वेगवेगळे ॲम्प्लिफायर आहेत आणि त्यांच्यात ट्यूब सोडून बाकीचंही सगळं वेगळं आहे. व्हॉक्सचा एसी३० घे. चार ईएल८४ आहेत, कबूल. पण त्याच्या पॉवर स्टेजला निगेटिव्ह फीडबॅक नाही, बायस कॅथोडवर आहे, आणि ज्या आवाजासाठी तो गाजला त्यात सेलेस्टियनचे अल्निको चुंबकाचे स्पीकर होते. ही तिन्ही कारणं वरच्या सुरांना उठाव देतात किंवा फाटण्याची जात ठरवतात. हीच ईएल८४ त्या काळी युरोपातल्या घरोघरच्या रेडिओत होती. तिथं ती बातम्या आणि गाणी सरळ, शांतपणे ऐकवायची. किणकिण ट्यूबच्या काचेत भरलेली असती तर ती रेडिओतही ऐकू आली असती.

आणि मार्शलची गोष्ट तर माझ्याच बाजूची आहे. १९६२ मध्ये लंडनला जिम मार्शलच्या दुकानात पहिला जेटीएम४५ बनला, तो फेंडरच्या बासमनचं सर्किट समोर ठेवून. जवळजवळ तेच सर्किट, आणि सुरुवातीला पॉवर ट्यूबही ५८८१, म्हणजे ६एल६ च्याच घराण्यातल्या. ईएल३४ आल्या त्या नंतर. तरीही पहिल्या दिवसापासून तो बासमनसारखा वाजला नाही. का? पहिल्या स्टेजला १२एवाय७ च्या जागी ईसीसी८३ आली, ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमधले आले, फीडबॅक घेण्याची जागा बदलली, आणि मागून उघड्या खोक्यातल्या दहा इंची जेन्सनऐवजी बंद खोक्यात बारा इंची सेलेस्टियन बसले. मार्शलचा आवाज ईएल३४ येण्याआधीच जन्मला होता.

वादक : तुमच्याच यादीत पहिली गोष्ट ट्यूबची निघाली, बघा. १२एवाय७ चा वर्धनांक चाळीस-पंचेचाळीसच्या घरात, ईसीसी८३ चा १००. दोन्ही एकाच सॉकेटमध्ये बसतात. म्हणजे नुसती ती बाटली बदलली तरी पुढच्या स्टेजला दुपटीच्या आसपास जोराने सिग्नल जातो आणि पुढची ट्यूब लवकर फाटते. त्याच सॉकेटमध्ये १२एटी७ लावा, ६०. १२एयू७ लावा, २० च्या आत-बाहेर. हा फरक ऐकायला सोन्याचे कान लागत नाहीत.

पॉवर ट्यूबचंही तसंच. ईएल३४ अस्सल पेंटोड आहे, ६एल६ बीम टेट्रोड. ग्रिडवर एक व्होल्ट बदलला की ईएल३४ मधून प्रवाह ६एल६ च्या जवळपास दुप्पट बदलतो. म्हणून तिला पूर्ण हलवायला कमी जोर लागतो. मी जिला गुरगुर म्हणतो ती हवेतून आलेली नाही, ती या आकड्यात आहे.

मेकॅनिक : आकडे बरोबर आहेत. पण ते आकडे जोराचे आहेत, गोडीचे नाहीत. ईसीसी८३ लावून व्हॉल्यूम थोडा उतरवला तर? दोन्ही बाटल्यांमधून बाहेर पडणारा सिग्नल सारखा केला तर? तोपर्यंत तुला जो ‘टोन’ वाटला तो पुष्कळदा निव्वळ मोठा आवाज असतो. माणसाच्या कानाची ही जुनी खोड आहे. एकच गोष्ट किंचित मोठ्याने ऐकवली की ती जास्त भरीव, जास्त जिवंत वाटते.

माझा अनुभव सांगतो. २५ सप्टेंबरला आपल्याकडे हुतात्म्यांना मानवंदना असते. १९३० च्या जंगल सत्याग्रहात अक्कादेवीच्या डोंगरापाशी ज्यांच्यावर गोळ्या चालल्या, त्यांना. त्या दिवशी भाषणाला मी ६एल६ च्या जोडीचा पीए आणि दोन कर्णे लावायचो. माझं काम एकच होतं, वक्त्याचा शब्द फाटता कामा नये. नावं वाचली जातात तेव्हा एखादं नाव खरखरीत बुडालं तर तो माझा गुन्हा. तीच ६एल६, तोच हीटर ६.३ व्होल्टचा. ती शब्द नितळ ऐकवायची, कारण मी तिला मर्यादेच्या आत ठेवत होतो. ट्यूब बनवणाऱ्या कंपन्यांच्या डेटाशीटमध्ये डिस्टॉर्शनची टक्केवारी छापलेली असते ती दोष म्हणून. १९३६ मध्ये आरसीएने ६एल६ काढली ती कमी डिस्टॉर्शनमध्ये जास्त पॉवर द्यायला, आणि तुम्ही वादकांनी नेमका तिचा दोष डोक्यावर घेतलात.

वादक : मग इथंच आपण जवळ येतोय, काका. मर्यादेच्या आत सगळ्या ट्यूब सारख्याच वाजतात असं धरू. मी वाजवतो ते मर्यादेवर आणि तिच्या पलीकडे. तिथं ट्यूबचा स्वभाव दिसतो की नाही? ट्रान्झिस्टर सरळ वाढत जातो आणि एकदम डोकं कापतो. ट्यूब आधी वाकते, मग दबते, मग फाटते. म्हणून तिच्यातून सम हार्मोनिक निघतात, ट्रान्झिस्टरमधून विषम. सम हार्मोनिक कानाला गोड. १९७३ मध्ये रसेल हॅम नावाच्या अभियंत्याने ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये ट्यूब आणि ट्रान्झिस्टर यांच्यात ऐकू येणारा फरक असतो का यावर निबंध लिहिला होता, आणि ओव्हरलोडच्या क्षणी तो असतो हाच त्याचा रोख होता.

मेकॅनिक : हे सम-विषम प्रकरण अर्धंच सांगितलं जातं, म्हणून ते जरा उलगडू या. एक सूर घे, त्याला सा म्हण. त्याचा दुसरा हार्मोनिक म्हणजे वरच्या सप्तकातला सा. तिसरा म्हणजे त्याच्याही वरचा पंचम. चौथा आणखी वरचा सा, पाचवा म्हणजे तंबोऱ्यात ऐकू येतो तो गंधार. सातवा मात्र आपल्या कुठल्याच शुद्ध स्वरावर नीट बसत नाही. म्हणजे दुसरा गोड असतो हे खरंच, पण तिसरा, पाचवाही काही वैरी नाहीत. खरी कडवट लाट वरच्या विषम हार्मोनिकची असते आणि ती येते अचानक, काटकोनात कापलेल्या सिग्नलमधून.

आता ट्यूबकडे ये. एकच ईसीसी८३ फाटते तेव्हा एका बाजूला ग्रिडमधून प्रवाह वाहू लागतो, दुसऱ्या बाजूला ट्यूब बंद पडते. दोन्ही बाजू सारख्या कापल्या जात नाहीत, म्हणून सम हार्मोनिक येतात. बरोबर. पण तुझ्या मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये पॉवर ट्यूब जोडीने, पुश-पुलमध्ये असतात. जोडी जुळलेली असेल तर त्या दोन ट्यूबनी निर्माण केलेले सम हार्मोनिक आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना खोडतात आणि विषमच उरतात. म्हणजे ज्या मार्शलची गुरगुर तुला उबदार वाटते, तिच्या शेवटच्या स्टेजमधून तू ज्यांना नावं ठेवतोस ते विषमच जास्त येतात.

वादक : हे मला नवं आहे, आणि पटतंय. पण मग गोडी कुठून येते?

मेकॅनिक : कडा गोल असते म्हणून, आणि स्पीकर वरचं सगळं गिळतो म्हणून. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो. तोच फाटलेला सिग्नल घरच्या चांगल्या हाय-फाय स्पीकरवर टाक, कान धरशील. शिवाय तू वाजवतोस काय, यावरही आहे. फाटलेल्या आवाजात दोन सूर एकत्र दाबले की त्यांची बेरीज-वजाबाकी होऊन नवे सूर निघतात. सा आणि प दाबलास तर त्यांच्या वजाबाकीतून खालच्या सप्तकातला सा निघतो, म्हणून पॉवर कॉर्ड भारदस्त वाटतो. सा आणि ग दाबलास तर गिटारचा ग चढा असल्यामुळे वजाबाकीचा सूर सा ला चिकटून वेडावाकडा पडतो आणि चिखल होतो. हे ६एल६ लाही लागू, ईएल३४ लाही आणि आठ रुपयांच्या डायोडलाही.

म्हणूनच आपला बेंजो फाटका वाजूनही सुरात वाटतो. त्याची जात जपानी. १९१२ मध्ये नागोयाच्या मोरिता गोरोने ताइशोगोतो बनवलं, ते इकडे येऊन बुलबुलतरंग झालं आणि आपण त्याला पिकअप बसवून बेंजो म्हणू लागलो. एक कळ दाबली की सुरावळीच्या साऱ्या तारा एकाच सुरात वाजतात. भांडायला दुसरा सूरच नाही. म्हणून तो कसल्याही ॲम्प्लिफायरवर, कसल्याही कर्ण्यावर चालतो.

वादक : तुम्ही बेंजोवर आलात ते बरं झालं. माझ्या मनातला खरा प्रश्न तिथंच आहे. आमच्या बेंजो पार्टीत ट्यूब कोणी पाहिलीसुद्धा नव्हती. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर, त्याच्या माइकच्या पिनेत बेंजो खुपसलेला, व्हॉल्यूम शेवटपर्यंत. तो आवाज करकरीत, धारदार होता आणि हळदीच्या अंगणात तोच हवा असायचा. धवलारीण लग्नाचं गाणं, धवला, म्हणते त्या अंगणातच तो बेंजो वाजतो आणि लोकांच्या पायाला बरोबर कळतो. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमा काढला तो याच वाद्याच्या पोरांवर. कधी कधी मला वाटतं, ट्यूबचा आवाज गोड वाटणं हे आम्ही इंग्लंड-अमेरिकेच्या रेकॉर्ड ऐकून शिकलो. बेंजोचा करकरीत आवाज ऐकत वाढलेल्या पोराला ईएल३४ मऊ, मिळमिळीत वाटली तर त्याचा कान कमी प्रतीचा म्हणायचा का?

मेकॅनिक : नाही म्हणायचा. आणि त्या रेकॉर्डमधलं सगळं ट्यूबचंही नव्हतं. किंक्स बँडच्या १९६४ च्या गाण्यात जो फाटका आवाज आहे, त्यासाठी डेव्ह डेव्हिसने लहानशा ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद चिरला होता. हेंड्रिक्सच्या मार्शलपुढे फझ फेस पेडल असायचं, म्हणजे आत दोन ट्रान्झिस्टर. बी. बी. किंगनी बरीच वर्षं लॅब सीरिजचा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर वापरला. रोलँडचा जेसी-१२० १९७५ पासून आहे, त्यात एकही ट्यूब नाही, आणि त्याच्या नितळ आवाजासाठी लोक जीव टाकतात.

१९८५ मध्ये बॉब कार्व्हरने तर ‘स्टिरिओफाइल’ या अमेरिकी मासिकाच्या संपादकांना आव्हान दिलं होतं की तुमचा आवडता महागडा ॲम्प्लिफायर द्या, माझा स्वस्त ट्रान्झिस्टरचा मी त्याच्यासारखा करून दाखवतो. त्यांनी ट्यूबचा दिला. त्याने दोन्हींचे सिग्नल एकमेकांतून वजा करत, उरलेला फरक कमी करत नेला, आणि शेवटी संपादकांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत.

वादक : तो हाय-फाय होता, काका. तिथं आवाज फाटू द्यायचाच नसतो. माझं दुखणं फाटण्याच्या उंबरठ्यावरचं आहे, आणि ते ऐकण्याइतकंच हाताला जाणवण्याचं आहे. जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये रेक्टिफायरही ट्यूबचा असतो. ५वाय३ असली तर जोरात तार छेडताच प्लेटचं व्होल्टेज बसतं, सुराचा पहिला ठोका दबतो आणि मग सूर फुगत वर येतो. जीझेड३४ असली तर व्होल्टेज कमी बसतं, ठोका टणक राहतो. बोट हलकं केलं की आवाज साफ, जोर दिला की फाटका. मधल्या पन्नास पायऱ्या माझ्या उजव्या हातात असतात. पेडल एकतर चालू नाहीतर बंद. आता केंपरसारखी यंत्रं आणि कॉम्प्युटरवरची मॉडेलं खऱ्या ॲम्प्लिफायरचा ठसा घेतात. ऐकणाऱ्याला ती खरी वाटतात, मलाही रेकॉर्डिंगमध्ये ओळखता येत नाहीत. पण ठसा घ्यायला मूळ कुठंतरी तापलेलं असावं लागतं ना?

मेकॅनिक : आज मूळ लागतं, मान्य. पण त्यावरून आवाज काचेत राहतो असं सिद्ध होत नाही. व्होल्टेज बसतं हे तू सांगितलंस ते मात्र फार खरं, आणि त्याचं आपल्या गावातलं रूप तुला सांगतो. लाइनच्या टोकाला मंडपाचे दिवे लागले की २३० चे २०० होतात. ६.३ चा हीटर साडेपाचवर येतो, ४५० ची प्लेट ३९० वर. ॲम्प्लिफायर लवकर फाटतो आणि मऊ वाजतो. एडी व्हॅन हॅलेन व्हॅरिॲक लावून मुद्दाम व्होल्टेज उतरवायचा, त्याच्यामागे हेच आहे. तुझा तोच ॲम्प्लिफायर, त्याच ट्यूब, दुपारी एक आवाज देईल आणि हळदीच्या रात्री दुसरा. ट्यूबच्या दोन प्रकारांतल्या फरकाइतका हा फरक मोठा असू शकतो. आणि तू दोष किंवा गुण कोणाला देशील? काल बसवलेल्या नव्या ट्यूबला.

जुन्या मुलार्ड ट्यूबसाठी वेडे पैसे मोजणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं असतं. एकाच प्रकारच्या ट्यूबमध्ये दोन कंपन्यांचा फरक जेवढा, तेवढा कित्येकदा एकाच कंपनीच्या दोन नगांत सापडतो. एक थकलेली, एक ताजी. एक शांत, एक बोटाने टिचकी मारली की कुणकुणणारी. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी जुनी बंगळूरच्या बीईएलची ट्यूब हाती लागली तर मी आनंदाने घेईन. आपल्या देशाने हे कसब एकेकाळी कमावलं होतं आणि मग सोडून दिलं, याचं मला वाईट वाटतं. आज स्लोव्हाकिया, रशिया, चीन इथल्या मोजक्या कारखान्यांवर सगळं जग अवलंबून आहे. २०२२ मध्ये युक्रेनवरचं युद्ध सुरू होताच रशियाच्या सारातोवमधून येणाऱ्या ट्यूबचा पुरवठा अडला आणि किमती चढल्या. अशी वस्तू जपून वापरावी, कारण नसताना बदलू नये.

वादक : जपून वापरायची तर ती पूर्ण तापवायची नाही, आणि पूर्ण तापवली नाही तर ती जे देते ते मिळत नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी, राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची. १०० वॉटच्या मार्शलच्या पॉवर ट्यूब फाटेपर्यंत वाजवायला चिरनेरमध्ये मला जागाच नाही, आणि शेजाऱ्यांची झोप मोडून मला टोन नको. म्हणून मी पाच वॉटकडे वळलो. एकच ६व्ही६, जुन्या फेंडर चॅम्पसारखी. ती घरातही फाटते. आणि तुमच्या हिशेबाने तिथं पुश-पुल नाही, म्हणजे सम हार्मोनिक खोडलेही जात नाहीत. इथं तरी ट्यूब बोलते ना?

मेकॅनिक : तिथं बोलते. तुझ्या सगळ्या उदाहरणांत हे मला सगळ्यात भक्कम वाटतं. आता माझीही बाजू मी नीट मांडतो, कारण सुरुवातीला मी ती जास्त ताणली. ट्यूबला आवाज नसतो असं नाही. साखळीतला जो दुवा सगळ्यात आधी फाटतो, आवाज त्याचा होतो. पहिली ईसीसी८३ आधी फाटली तर पुढे ६एल६ असो की ईएल३४, ती फाटलेलाच सिग्नल मोठा करते आणि फरक थोडाच ऐकू येतो. पॉवर ट्यूब आधी फाटली तर तिचा प्रकार, तिचा बायस, तिचा रेक्टिफायर सगळं ऐकू येतं. स्पीकर आधी फाटला तर मागचं सारं झाकतं. तुझ्या बेंजोत माइकची पिनच आधी फाटत होती. म्हणून ‘कुठली ट्यूब चांगली’ या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. तुझा आवाज कुठे फाटतो ते आधी सांग.

वादक : हे मी घेतो, पण पूर्ण नाही. कुठे फाटतो हे तुमच्या ऑसिलोस्कोपवर दिसेल. तो माझ्या हाताखाली कसा फाटतो, आणि त्यामुळे मी पुढचा सूर कोणता घेतो, हे त्यावर दिसणार नाही. ॲम्प्लिफायर दबला की मी थांबतो, फुगला की सूर धरून ठेवतो. वादनच बदलतं. ऐकणाऱ्याला दोन रेकॉर्डिंग सारखी वाटली तरी दुसऱ्या यंत्रावर मी ते वाजवलंच नसतं.

मेकॅनिक : हा मुद्दा मला खोडता येत नाही. सिद्धही करता येत नाही. एवढं करू या. तुझ्या मोठ्या डब्यात ६एल६ आणि ईएल३४ दोन्ही लावून बघू. तू ॲम्प्लिफायरकडे पाठ कर, ट्यूब मी बदलेन आणि कुठली लावली ते सांगणार नाही. मीटर लावून दोन्हींचा आवाज सारखा करीन, मेन्सला स्टॅबिलायझर लावीन. तू ओळख, आणि काय वाजवलंस तेही रेकॉर्ड कर. पण घरी एकटा घाईने हे करू नकोस. ईएल३४ चा हीटर १.५ अँपिअर ओढतो, ६एल६ चा ०.९; ट्रान्सफॉर्मर तेवढा दमदार आहे का ते आधी पाहावं लागतं. ईएल३४ ला पहिली पिन आठव्या पिनेला जोडलेली लागते आणि बायस दर वेळी नव्याने लावावा लागतो. आणि प्लग काढला तरी फिल्टर कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. तो रेझिस्टरमधून उतरवून, मीटरवर शून्य दिसल्याशिवाय चासीत हात घालायचा नाही.